पिल्लं फॉस्टर करायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय ते असं: सिंहगड रस्त्याला टू बीएचके, तुम्ही घरून काम करता, मिस्टर ऑफिसला जातात, सात वर्षांची मुलगी आहे आणि सासूबाईंना कुत्र्यांची भीती वाटते. रस्त्यावरची अनाथ पिल्लं त्यांना घर मिळेपर्यंत सांभाळायची आहेत, शिवाय शनिवार-रविवारी मुलीला घेऊन एखाद्या शेल्टरमध्ये मदतीला जायचंय. सुरुवात कशी करावी, खर्च कोण करतं आणि पिल्लू दगावलं तर काय? बरीच वर्षं मी पिल्लांना फॉस्टर घरं शोधून देते, माझ्या घरीही सांभाळते. त्यावरून सांगते.

पहिली गोष्ट, ही दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करू नका. घरात लस पूर्ण न झालेली पिल्लं आहेत आणि तुम्ही दर रविवारी शेल्टरमध्ये जाऊन येताय, याचा अर्थ पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार तुमच्या चपलांना, ओढणीला लागून घरी येणार. ज्या आजारापासून वाचावीत म्हणून पिल्लं तुमच्याकडे दिली, तोच तुम्ही त्यांना आणून द्याल. एक काम निवडा. तुम्ही दिवसभर घरी असता आणि अशी माणसं फार कमी मिळतात, म्हणून मी तुम्हाला फॉस्टरिंगच निवडायला सांगेन.

फॉस्टर घराचं महत्त्व नेमकं कशात आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचे नियम आपोआप कळतील. शेल्टर कितीही चांगलं असलं तरी तिथे रोज नवी आजारी जनावरं येतात. मोठं, लस झालेलं कुत्रं त्यातून तरून जातं. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाचं तसं नसतं. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, आणि तीच थोडीफार उरलेली असल्यामुळे लसही पूर्ण लागू पडत नाही. म्हणून पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हापुन्हा डोस द्यावे लागतात. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणजे लस झाली, असं धरून चालू नका. हे मधले दोन महिने पिल्लाने गर्दीपासून लांब, स्वच्छ घरात काढले तर त्याच्या जगण्याची शक्यता खूप वाढते. तुमचं टू बीएचके इथे उपयोगी पडतं.

आता जागा. पिल्लांना पूर्ण घर देऊ नका. जिथली फरशी धुता येते अशी एक खोली किंवा बंद बाल्कनी द्या. गालिचा, सोफा, गादी तिथे नको. खाली मेणकापड, त्यावर रद्दी पेपर, एका कोपऱ्यात खोका आणि जुनी चादर एवढं पुरे. त्या खोलीसाठी वेगळी चप्पल आणि वेगळा गाऊन दाराबाहेर ठेवा. नवीन पिल्लाला पहिले चौदा दिवस घरातल्या किंवा शेजारच्या कुठल्याही कुत्र्याला भेटू देऊ नका, खाली रस्त्यावर ठेवू नका. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. आज हुंदडणारं पिल्लू आजारी नाहीच, असं म्हणता येत नाही.

फिनेलने पार्वो मरत नाही. आपल्याकडे फिनेलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं समजतात, त्यामुळे हे मला प्रत्येक नव्या फॉस्टरला सांगावं लागतं. हा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो. त्याला ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट लागतं. घरगुती पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी घाण पूर्ण काढून साबणाने फरशी धुवायची, मग हे पाणी पसरून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच काम करत नाही. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हे सगळं करताना पिल्लं दुसरीकडे हलवा.

कोणती पिल्लं घ्यावीत? पहिल्या खेपेला सहा ते आठ आठवड्यांची, स्वतः खाणारी, आणि शक्यतो एकाच वेताची दोन. एकटं पिल्लू रात्रभर रडतं आणि तुमच्या हातापायांना चावत बसतं. दोन असली की एकमेकांना चावून किती जोरात चावायचं हे ती आपसातच शिकतात, उबेला एकमेकांजवळ झोपतात आणि तुम्हाला कामाला वेळ मिळतो. खाण्याला पिल्लांचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा थोडंथोडं. दूध-पोळी आणि बिस्किटं नकोत. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात, आणि मग ते दुधाचे आहेत की पार्वोचे हे ठरवण्यात मोलाचा वेळ जातो.

डोळे न उघडलेली पिल्लं पहिल्यांदा घेऊ नका. तरी कधीतरी कोणी पावसात भिजलेलं पिल्लू रात्री अकराला तुमच्या दारात आणून ठेवेलच, म्हणून यातलं एक नक्की लक्षात ठेवा. आधी ऊब, मग दूध. करंगळी स्वच्छ धुऊन त्याच्या तोंडात घाला. तोंड आतून गार लागलं तर त्या क्षणी एक थेंबही पाजायचा नाही. थंड पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, गिळण्याची ताकद नसते, दूध सरळ फुप्फुसात जातं. बाटलीत गरम पाणी भरा, ती जाड टॉवेलात गुंडाळा, पिल्लू बाटलीशेजारी ठेवा आणि वर दुसरं फडकं टाका. दर काही मिनिटांनी कूस बदला. हे घाईने होत नाही, तासभर लागू शकतो. तोंड कोमट झालं, पिल्लू वळवळायला आणि बोट चोखायला लागलं, की पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर. पाजताना त्याला पोटावर ठेवायचं, जसं ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलेलं दूध श्वासनलिकेत जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून हळूहळू पुसायचं, कारण साधारण तीन आठवड्यांचं होईपर्यंत त्याला आपणहून शी-शू करता येत नाही, ते काम आई चाटून करते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून लिहून ठेवा. ज्या दिवशी वजन वाढलं नाही त्याच दिवशी व्हेटला फोन.

पण त्याहीआधी विचारायचं ते हे, की आई कुठे आहे? मांजरांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. पार्किंगमध्ये चार पिल्लं एकटी दिसली की लोक उचलून आणतात, आणि भाटी, म्हणजे त्यांची आई, अर्ध्या तासाने खायला शोधून परत येते तेव्हा जागा रिकामी असते. पिल्लं गुबगुबीत, स्वच्छ, शांत झोपलेली असतील तर आई जवळपास आहे. लांबून लक्ष ठेवा, काही तास थांबा. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हा वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसंही हेच करतात. बछड्यांची तपासणी करतात आणि अंधार पडल्यावर सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवून लांब थांबतात. बऱ्याचदा मादी येते आणि एकेक करून घेऊन जाते. बिबट्यासाठी एवढा खटाटोप होतो, तर सोसायटीतल्या भाटीला दोन तास द्यायला काहीच हरकत नाही.

वन्यप्राण्यांचं निघालंच आहे तर आणखी एक. एकदा ‘प्राण्यांचं करणाऱ्या ताई’ म्हणून तुमचं नाव झालं की लोक पोपट, घुबड, कासव, माकडाचं पिल्लू, काहीही घेऊन येतील. ते घरी ठेवू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि माणसाळलेलं वन्य पिल्लू पुन्हा रानात सोडता येत नाही. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला कळवा. पुण्यात बावधनला वनखात्याचं आणि ‘रेस्क्यू’ नावाच्या संस्थेचं वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. तोवर हवा जाईल असा बंद खोका, अंधार, शांतता. पाणी चोचीत किंवा तोंडात ओतू नका.

आता रोजचं निरीक्षण. सकाळी खोलीत गेल्यावर आधी उचलून घेऊ नका, दारात उभं राहून बघा. दोन्ही पिल्लं उठून आली का? एखादं कोपऱ्यात पाठ करून बसलंय का? मग ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी आणि ओलसर हव्यात. पांढरट किंवा चिकट-कोरड्या असतील तर काहीतरी बिघडलंय. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच जागेवर बसली पाहिजे. पार्वोचं पहिलं लक्षण रक्ताचे जुलाब हे नसतं. आधी पिल्लू जेवण सोडतं, गप्प होतं, मग फेसाची किंवा पिवळी उलटी होते, आणि तो ओळखू येणारा घाण वासाचा जुलाब त्यानंतर येतो. ‘आजचा दिवस बघू’ यात पिल्लं जातात. एका जेवणाला तोंड लावलं नाही आणि एक उलटी झाली, एवढ्यावरच निघा. वाटेत हिरड्यांना थोडं मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा, लहान पिल्लांची साखर फार पटकन उतरते. आणि घरातली औषधं मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यांसाठी मिळणारी पर्मेथ्रिनची गोचिडांची औषधंही मांजराला विषारी.

मुलीबद्दल. घरात येणाऱ्या प्रत्येक पिल्लाला जंताचं औषध होईपर्यंत त्याचे जंत माणसाच्या मुलांनाही होऊ शकतात, तेव्हा हात धुणं सक्तीचं. पण माझा खरा मुद्दा रेबीजचा आहे. लहान पिल्लाला रेबीज होत नाही असं सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारून रेबीजची, चावा होण्याआधीच घ्यायची प्रतिबंधक लस घ्या. तिचे तीन डोस असतात: पहिला, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. ती झालेली असली की पुढे कधी चावा-ओरखडा झाला तर दोनच डोस लागतात आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. दात किंवा नख लागलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, मग दवाखाना. हळद, चुना, तिखट काही लावू नका. आणि मुलीला पहिल्याच दिवशी सांगा की ओरखडा लागला तर लगेच येऊन सांग, कोणी रागावणार नाही आणि पिल्लूही परत पाठवणार नाही. मुलं पिल्लू जाईल या भीतीनेच लपवतात.

सासूबाईंच्या बाबतीत मी ठाम आहे. त्यांचा होकार नसेल तर पिल्लं आणू नका. भीती बाजूला ठेवली तरी वयस्कर माणसाला पायात येणाऱ्या पिल्लाचा आणि ओल्या फरशीचा खरा धोका असतो, पडून खुब्याचं हाड मोडतं. पिल्लांच्या खोलीला छोटं फाटक लावा, चावी त्यांच्या हातात आहे असं त्यांना वाटू द्या. कुत्र्यांची भीती वाटणाऱ्या बऱ्याच जणांना मांजराची पिल्लं चालतात. त्यांना विचारून बघा, पिल्लं फॉस्टरला देणाऱ्या संस्थेला मांजरांसाठीही फॉस्टर हवेच असतात, विशेषतः उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत. कुत्र्यांच्या पिल्लांची लाट दिवाळीनंतर थंडीत येते.

खर्चाचं बोलणं लाजत करू नका आणि तोंडी ठेवू नका. पिल्लू हातात घेण्याआधी संस्थेकडून लिहून घ्या: लस, जंताचं औषध आणि उपचार कोण देणार, कोणत्या व्हेटकडे न्यायचं, रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा, ॲडमिट करायचं झालं तर होकार कोण देणार, आणि तुम्हाला अचानक गावाला जावं लागलं तर पिल्लू किती तासांत परत घेणार. चांगल्या संस्था औषधोपचार स्वतः करतात, खाण्याचा खर्च बरेच फॉस्टर उचलतात. यातल्या एकाही प्रश्नाला ‘बघू तेव्हा’ असं उत्तर मिळालं तर तिथून पिल्लू घेऊ नका. उद्या ते तुमच्या गळ्यात पडेल, आणि असं एकदा झालं की माणूस पुन्हा या कामाकडे फिरकत नाही. सोसायटीला एक पत्र देऊन ठेवा. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, पण सेक्रेटरीला आधी कळलं की अर्धे वाद होतच नाहीत.

तब्येतीइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे पिल्लाला घराची सवय. तीन ते साधारण चौदा आठवडे या वयात जे बघितलं, ऐकलं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, उघडी छत्री, रेनकोटातला माणूस, वाढदिवसाचे फुगे, कचऱ्याच्या गाडीचं गाणं. लांबून, हळू आवाजात सुरुवात करा आणि सोबत खाऊ द्या. पायाची नखं धरून बघा, कानात डोकवा, रोज पट्टा बांधून दहा मिनिटं खोलीत फिरवा. लस पूर्ण झालेली नसली तरी कडेवर घेऊन गॅलरीतून रहदारी दाखवता येते. शेल्टरच्या पिंजऱ्यात हे होत नाही, कितीही माणसं असली तरी. आणि इंडी, म्हणजे आपलं देशी, पिल्लू ‘घाबरट निघालं’ म्हणून परत येतं तेव्हा बहुतेकदा हेच राहून गेलेलं असतं.

घर निवडताना संस्थेच्या सोबत तुम्हीही बोला, कारण त्या पिल्लाला तुम्ही ओळखता. ‘प्राण्यांची आवड आहे का’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. मी विचारते: गणपतीत गावी जाता तेव्हा कुत्रं कुठे असेल? मे महिन्यात? घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का? बाल्कनीला जाळी आहे का? वर्षाने बाळ झालं तर? पहिल्या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले की मी थांबायला सांगते. पिल्लांची परतपाठवणी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत होते, त्यामागे हेच असतं. नसबंदी करण्याचं लेखी घ्या. पिल्लाबद्दल खरं लिहा: रात्री एकटं राहत नाही, चपला चावतं, पुरुषांना बिचकतं. दोष लपवून दिलेलं पिल्लू महिन्याभरात परत येतं आणि मधल्या काळात मोठं झालेलं असतं, मग त्याला दुसरं घर मिळणं अवघड.

मुलीला पिल्लू जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या. वजनाची वही तिच्याकडे द्या आणि जाताना ती नव्या घराला द्यायची असं ठरवा.

पिल्लू दगावलं तर, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. रस्त्यावरून आलेल्या पिल्लांपैकी काही जगत नाहीत, वेळेवर उपचार मिळूनही. कधी आणतानाच लागण झालेली असते, कधी पोटात जंत इतके असतात की अंगात रक्तच उरलेलं नसतं. तसं झालं तर संस्थेला त्याच दिवशी कळवा, सोबतच्या पिल्लाला व्हेटकडे न्या आणि कारण लिहून ठेवा. कारण पार्वो असेल तर तुमच्या घरात काही महिने लस पूर्ण न झालेलं पिल्लू येता कामा नये, ब्लीचने धुतल्यानंतरही. त्या काळात मोठं, लस झालेलं कुत्रं घ्या: ऑपरेशननंतर टाके सुकेपर्यंत ज्याला जागा हवी आहे असं, किंवा मालक वारल्यामुळे बेघर झालेलं म्हातारं कुत्रं. अशांना फॉस्टर मिळणं पिल्लांहून कठीण असतं.

शेल्टरला जाणं याच मधल्या काळात सुरू करा. मुलीच्या वयाची अट आधी विचारा, बरीच शेल्टर लहान मुलांना पिंजऱ्यांच्या भागात येऊ देत नाहीत आणि ते योग्य आहे. निवड करताना भिंतीवरचे फोटो बघू नका. नव्या जनावरांना वेगळं ठेवतात का, पाण्याची भांडी स्वच्छ आहेत का, फरशी कोरडी आहे का, नर-माद्यांची नसबंदी झालेली आहे का, हे बघा. आणि ते कधी ‘जागा नाही’ म्हणतात का हे विचारा. कोणालाच नाही न म्हणणाऱ्या ठिकाणी गर्दी वाढत जाते आणि आजार पसरतो. कानाला काप असलेलं (ती नसबंदी झाल्याची खूण), धडधाकट, आपल्या गल्लीत राहणारं कुत्रं उचलून आणणारी संस्था असेल तर तिथेही जाऊ नका. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरणानंतर ते आपल्या मूळ जागी परत सोडायचं असतं.

तिथे काम मिळेल ते धुण्या-पुसण्याचं. मागचे पाय गेलेल्या कुत्र्यांचं अंथरूण दिवसातून कितीदा तरी बदलावं लागतं, नाहीतर त्यांना जखमा होतात आणि पावसाळ्यात त्या जखमांत किडे पडतात. हेच काम सगळ्यात जास्त लागतं आणि याला माणसं सगळ्यात कमी मिळतात. गाडी असेल तर ने-आण करा, कॅमेरा हातात चांगला असेल तर अडॉप्शनचे फोटो काढा, हिशोब येत असेल तर पावत्या लावून द्या. मुंबईत परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलसारखी 1883 पासूनची जागा असो की चार वर्षांपूर्वी कोणीतरी शेडमध्ये सुरू केलेलं शेल्टर, दोन्हीकडे दर रविवारी ठरल्या वेळी येणाऱ्या एका माणसावर कामाची आखणी करता येते. महिन्यातून एकदाच जमणार असेल तर तसं आधीच सांगा, म्हणजे तुमच्या भरवशावर कोणी औषधाची वेळ ठेवणार नाही.

पिल्लं गेल्यावर खोली धुऊन किमान दोन आठवडे रिकामी ठेवा. संस्थेकडून दुसऱ्याच दिवशी फोन येईल, कारण पिल्लं कायम जास्त आणि घरं कायम कमी. ‘पंधरा तारखेनंतर’ असं सांगा. आणि पुढची खेप घ्यायची की नाही, हे सासूबाईंना पुन्हा नव्याने विचारून ठरवा.